तेरा इंचाचा पट्टा

स्टोअरमामा कुणालाही भेटले की आधी त्याची बोटं मोजायचे. रामराम, चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. समोरच्याचा हात हातात घ्यायचा, उलटा करायचा, सुलटा करायचा आणि मग मान हलवायची. माझ्या चुलत बहिणीला बघायला आलेला मुलगा चाकणला प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर कामाला होता. बैठकीत सगळे त्याला पगार किती, जमीन किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा असं विचारत होते. मामांनी पोह्यांची बशी पुढे करता करता त्याचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "आठ वर्सं प्रेसवर हाय आन् दहाची दहा हायेत. पोरगं सावध हाय. द्या पोरगी." मुलाची आई चांगलीच चपापली होती, पण लग्न झालं आणि त्या दोघांचं बरं चाललंय.

रांजणगावच्या एका कारखान्यात मामांनी पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. हातमोजे, गॉगल, बूट, हेल्मेट, कानात घालायची बोंडं असं सगळं एका खिडकीतून कामगारांना द्यायचं, हे त्यांचं काम. त्या खिडकीतून त्यांनी जग पाहिलं आणि जगात त्यांना फक्त डोळे, बोटं आणि पायाचे अंगठे दिसले. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. मी गावात ब्लाऊज शिवते. शिरूरला बी.ए. केलं, नोकरी मिळाली नाही, शिलाई मशीन मिळालं. मामा मला कधी नावानं हाक मारत नसत, 'टेलर' म्हणायचे. आमचं गाव भीमेच्या काठाला, शिरूर तालुक्याच्या टोकाला. पूल ओलांडला की दौंड तालुका. अलीकडे ऊस आणि पलीकडेही ऊस.

स्टोअरमधून निवृत्त झाले तरी स्टोअर मामांमधून काही निघालं नाही. "जुनं जमा, मग नवं इश्यू," हा त्यांचा कायदा. कारखान्यात फाटका हातमोजा परत दिल्याशिवाय नवा मिळत नसे, आणि घरातही तेच. मामींना नवा झाडू हवा असेल तर जुन्या झाडूचा बुडखा हजर करावा लागे. चप्पल तुटली तर दोन्ही पायांची आणून दाखवायची. आमच्या सरूमामी गावभर सांगत फिरायच्या, "माझं गुडघं झिजल्यात. म्हणलं ह्यांच्याकडं जमा करावं, नवं इश्यू करत्यात का बघावं." मामा ओट्यावर बसून हे ऐकायचे आणि अजिबात हसायचे नाहीत. हसू आलंच तर डोक्यावरची टोपी काढून झटकायचे.

दुसरा कायदा, घरचं माणूस शेवटी. कारखान्यात त्यांचा सख्खा पुतण्या लागला होता. नवीन बुटांचा लॉट आला की त्याचा नंबर सगळ्यात शेवटी, मग त्याच्या मापाचा उरो न उरो. बिचाऱ्यानं एक पावसाळा एक नंबर मोठ्या बुटात काढला. मामींचे ब्लाऊज माझ्याकडे शिवायला आले की मामा मुद्दाम येऊन सांगत, "बाकीच्यांचं आधी कर, टेलर. हिचं काय, घरचंच हाय." मला त्याचा राग यायचा. मामींना येत नसे, किंवा येत असला तरी त्या दाखवत नसत.

आणि तिसरा कायदा, 'पास'. मामांनी हातात धरून, ओढून, वाकवून, वास घेऊन पाहिल्याशिवाय कुठलीही वस्तू वापरायची नाही. मी त्यांच्या नातीचं झबलं शिवलं तेव्हा त्यांनी त्याची एकेक शिवण अंगठ्यानं ताणून पाहिली होती. दोन मिनिटं मी श्वास रोखून उभी. मग म्हणाले, "पास." तुम्हाला सांगते, बी.ए.च्या निकालाला मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग बिबटे आले. आले म्हणजे होतेच, उसात जन्मले, उसात वाढले. आधी कुत्री गेली, मग शेळ्या, आणि आम्ही संध्याकाळी लवकर दारं लावायला शिकलो. पण त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली आणि पलीकडच्या वस्तीवर घास कापणाऱ्या एका बाईला भर दिवसा त्यानं धरलं. मागून आला आणि थेट मानेला. सरूमामींची खुरपणीची टोळी होती. बावीस बायका रोज सकाळी पिकअपमध्ये बसून कुणाच्या ना कुणाच्या कांद्यात जायच्या. चार दिवस टोळी घरी बसली. पाचव्या दिवशी गेली, कारण कांद्यातलं गवत थांबत नाही आणि घरात बसून हजेरी कुणी देत नाही.

ग्रामसभा झाली. पिंजरा लावा, दिवसा वीज द्या, ऊस गावापासून लांब लावा, सगळं बोलून झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं की मेंढरामागच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तसला बायकांना द्यावा. मामी उठून उभ्या राहिल्या. "म्हंजी आता आमाला कुत्र्याचा पट्टा व्हय?" मामा मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "तो नरडंच धरतोय. कुत्र्याचं काय आन् मानसाचं काय, त्याला सारखंच. लाज धरायची का जीव, ते ठरवा." ग्रामपंचायतीनं थोडे पैसे द्यायचे आणि टोळीतल्या प्रत्येकीनं एका दिवसाची हजेरी घालायची असं ठरलं. कुठला पट्टा घ्यायचा हे पाहायचं काम साहजिकच स्टोअरमामांकडे गेलं, आणि मानेची मापं घ्यायचं काम माझ्याकडे.

मी आयुष्यभर बायकांचे गळे मोजले, पण ते ब्लाऊजचे. मागून किती खोल, पुढून किती. मानेचा घेर कुणी मोजायला सांगितला नव्हता. मानेभोवती टेप गुंडाळला की बायका हसायच्या, गुदगुल्या होतात म्हणायच्या, आणि मग एकदम हसायच्या थांबायच्या. कुणाची साडेबारा, कुणाची चौदा. सरूमामींची तेरा. "बारीक हाय बया," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं ह्या मानसाला हो-हो करून झिजली."

पट्टा निवडायला मामा मला घेऊन दौंडला गेले. तिथं जवानांचे गणवेश, बूट, बेल्ट विकणारं एक दुकान आहे. मामांनी दुकानदाराला तीन प्रश्न विचारले. वजन किती, घाम किती येतो, आणि एका हातानं निघतं का. दुकानदारानं मोबाईलवर बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटाचं चित्र दाखवलं आणि किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत आमच्या टोळीतल्या निम्म्या बायकांच्या मुलींची लग्नं झाली असती. वर तो हसून म्हणाला, "पण मामा, बिबट्याकडं बंदूक हाय का?" मामा हसले नाहीत. "बंदूक न्हाई. नखं हायेत आन् चार सुळे हायेत. त्यावर काय हाय तुमच्याकडं, ते दावा." दुकानदाराकडे त्यावर काहीच नव्हतं. त्यावर कुणाकडेच काही नव्हतं, हे पुढच्या महिनाभरात आम्हाला कळत गेलं.

क्रिकेटच्या सामानाच्या दुकानात हेल्मेटला मागून लावायचा मानेचा रबर मिळाला. तो मागचीच बाजू झाकायचा. मोटारसायकलवाले घालतात तसला गळपट्टा मामांनी स्वतः घालून पाहिला, तर त्यांना समोरची पाटी दिसेना, फक्त आभाळ दिसायला लागलं. कुणाच्या तरी पोरानं मोबाईलवरून खिळ्यांचे तयार पट्टे मागवून दिले. चकचकीत होते. मामांनी पकडीनं एक खिळा ओढला, तो हातात आला. दुसरा ओढला, तोही आला. "ह्ये लग्नात घालायचं हाय का?" म्हणाले, आणि सगळे परत पाठवले. मग आमच्याच एका बागायतदारानं पाण्याचा पाईप उभा चिरून, त्याला बाहेरून स्क्रू लावून नमुना केला. स्वस्त आणि मजबूत. मामांनी तो घातला, ताठ उभं राहून डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पास." आम्ही सगळे खूश झालो.

सरूमामींनी तो पाईप काढून घेतला, आपल्या गळ्यात अडकवला आणि तिथंच अंगणात खुरपायला बसतात तशा उकिडव्या बसल्या. पाईपची वरची कड हनुवटीत घुसली, खालची गळ्याच्या हाडात. त्या तशाच मान वर करून मामांना म्हणाल्या, "तुमी हुभं ऱ्हाऊन बघताय. आमी बसून काम करतो. आन् तो बी बसल्यालीलाच धरतो." मामांनी टोपी काढली, पण झटकली नाही. नुसती हातात धरून उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या तीन प्रश्नांत चौथा आला, 'वाकता येतं का'. तो ते सगळ्यात आधी विचारू लागले.

शेवटी पट्टे आम्हीच केले. ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचे दोन पदर, मध्ये पातळ रबर, त्यातून शिरूरच्या एका चांभारदादांनी ठोकून दिलेले खिळे आणि आतून मऊ कापड. कापडाला वेगळे पैसे नव्हते म्हणून मी माझ्याकडच्या ब्लाऊजच्या कातरणी लावल्या. ज्या बाईचा पट्टा, तिच्याच ब्लाऊजची कातरण. मामींच्या पट्ट्याला आतून मोरपंखी आलं. माझ्या मशीनच्या सुया रोज तुटायच्या. मामा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक पट्टा ताणून पाहायचे. नापास झाला की 'रिजेक्ट' म्हणून तो माझ्या मांडीवर टाकायचे, आणि मी मनातल्या मनात त्यांना काहीबाही म्हणायची.

पैसे संपले ते बकलांपाशी. एका हातानं उघडेल असं चांगलं स्टीलचं बकल दौंडच्या त्याच दुकानात होतं, पण ते सोळाच आले. उरलेल्या सहांना शाळेच्या दप्तराला असतं तसलं प्लास्टिकचं लावावं लागणार होतं. सहा जणी कोण, हे मामांनी एका क्षणात ठरवलं. त्यांच्या भावकीतल्या तिघी, मामींच्या चुलत जावा दोघी आणि सरूमामी. मी म्हटलं, "मामा, मामी तर टोळीच्या पुढं असतात, उसाच्या कडंला." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरचं माणूस शेवटी, टेलर." मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं, आणि मी भांडणारी आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी भांडले नाही.

पट्टे वाटले तो दिवस मात्र छान गेला. शाळेच्या व्हरांड्यात एकेकीनं यायचं, पट्टा घालायचा, उकिडवं बसायचं, मान फिरवायची, आणि मामांनी मागून दोन बोटं घालून सैल-घट्ट बघायचं. बायका हसून हसून बेजार झाल्या. प्रत्येकीनं आतलं आपलं कापड ओळखलं. मामी म्हणाल्या, "माझा एक फोटू काढा गं. माहेरी दावते. सोन्याचा न्हाई केला, खिळ्यांचा तरी केला म्हणावं." फोटो मीच काढला. त्यात मामी दात दाखवून हसताहेत आणि मागे मामांची अर्धी टोपी दिसते.

आठवडाभर सगळ्यांनी पट्टे घातले. मग ऊन वाढलं, माना घामानं खाजायला लागल्या, आणि दुपारपर्यंत पट्टे बांधावर यायला लागले. मामा रोज सकाळी पिकअपपाशी उभे राहून बावीस माना तपासायचे. तेवढ्यानं समाधान नव्हतं, म्हणून दुपारी आपली मोपेड काढून रानात जायचे. मोपेडचा आवाज आला की मामी मोठ्यानं खोकायच्या आणि सगळ्याजणी भराभर पट्टे चढवायच्या. मामांना ते ठाऊक होतं. लांबूनच मोपेड थांबवून ते खोकला ऐकायचे, मग थोडा वेळ तिथंच थांबून सगळ्यांना पट्टे घालायला सवड द्यायचे आणि मगच पुढे यायचे. एकदा माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, "हातमोजं दिलं तरी मशिनीत हात घालतानाच मानूस ते काढतो. का, तर जमत न्हाई. पंचवीस वर्सं बघतोय. देन्याचं काम माझं हाय, टेलर. घालायचं काम कुनाला इश्यू करू?" आवाज इतका थकलेला होता की मी मशीन थांबवलं.

आणि एका संध्याकाळी मामींचं प्लास्टिकचं बकल तुटलं. मामा तो पट्टा घेऊन माझ्याकडे आले. जुना जमा. सोबत एक स्टीलचं बकल होतं. कुठून आणलं म्हणून पाहते तर मामांच्या कमरेला पट्ट्याऐवजी सुतळी. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेल्या बेल्टाचं बकल त्यांनी उचकटून आणलं होतं. जाताना दारात थांबून म्हणाले, "पट्टा सगळा नवा कर. खिळं बी नवं. आन् मी बघितल्याबिगर द्यायचा न्हाई. ह्या वक्ताला पक्का पायजे." लग्नसराई होती, एका नवरीचे पाच ब्लाऊज माझ्यासमोर पडले होते. ते बाजूला ठेवून दोन दिवसांत मी मामींचा पट्टा पुरा केला. आतून पुन्हा मोरपंखी लावलं. संध्याकाळी तयार झाला तो खुंटीला टांगला आणि मामा सकाळी येतील म्हणून वाट बघितली.

सकाळी मामा आले नाहीत. पहिल्या एसटीनं शिरूरला गेले होते, आमच्या शिवारात दुसरा पिंजरा लावावा म्हणून अर्ज द्यायला. आल्या त्या मामी. डोक्याला रुमाल, हातात खुरपं, पिकअप कोपऱ्यावर उभी. "झाला का गं माझा?"

"झालाय मामी. ह्यो काय. पण मामांनी बघितला न्हाई अजून."

मामींनी खुंटीवरच्या पट्ट्याला हात लावला. बकल बघितलं. ते कुठलं आहे हे त्यांनी लगेच ओळखलं असणार, कारण त्या हसल्या. मग हात मागे घेतला. "राहू दे मग. पास केल्याबिगर नेला तर दोन दिस बोलायचं न्हाईत माझ्याशी. एका दिसानं काय हुतंय." मी म्हटलं, "न्या हो, मी सांगते त्यांना." पण ते मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, आणि पिकअपवाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी पदर मानेभोवती दोनदा गुंडाळला आणि गेल्या.

दुपारी दोनच्या सुमाराला झालं. अर्धा तोडलेला ऊस होता, त्याच्या कडेला पाण्याचा जार ठेवला होता. मामी पाणी प्यायला त्याच्यापाशी बसल्या होत्या. बायकांनी दगड मारले, आरडाओरडा केला, त्यांतल्या दोघी तर खुरपी घेऊन धावून गेल्या. तो सोडून गेला. पण दवाखान्यापर्यंत मामी राहिल्या नाहीत. यापेक्षा जास्त मी कधी कुणाला विचारलं नाही आणि इथं सांगणारही नाही.

मामा शेवटच्या एसटीनं उतरले. शर्टाच्या खिशात अर्जाची शिक्का मारलेली पोच होती. स्टँडवरून त्यांना लोकांनी धरूनच आणलं. अंगणात मामींना ठेवलं होतं, हनुवटीपर्यंत पांढरं कापड ओढून, त्यावर शाल. मामा जवळ बसले. कापडाखालून मामींचा उजवा हात बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला आणि एकेक बोट मोजलं. मग डावा. मग दोन्ही हात परत आत ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दहाची दहा हायेत." मला तिथं उभं राहवलं नाही. मी घराच्या मागं जाऊन रडले.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मामा माझ्याकडे आले. दुसऱ्या पिंजऱ्यात तोवर एक बिबट्या सापडला होता. लोकांनी फटाके वाजवले, मामा बघायला गेले नाहीत. तोच होता की दुसरा, कुणाला ठाऊक. ते नेहमीच्या स्टुलावर बसले. कमरेला अजून सुतळीच होती. पट्टा खुंटीवर होता, मला तो ना काढवत होता ना तिथं बघवत होता.

"कवा झाला ह्यो?" त्यांनी विचारलं.

मला कळलं ते काय विचारताहेत. पट्टा आदल्या संध्याकाळी तयार होता, मामी सकाळी आल्या होत्या, त्यांनी त्याला हात लावला होता आणि फक्त मामांच्या एका शब्दासाठी तो तिथंच ठेवून त्या गेल्या होत्या. हे सांगितलं असतं तर तो माणूस त्या स्टुलावरून उठला नसता. मी म्हटलं, "झाला नव्हता, मामा. लग्नाचे ब्लाऊज होते. मी मागं टाकला. नंतर पुरा केला."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजी चूक न्हाई, पोरी," म्हणाले. पहिल्यांदाच 'टेलर' म्हणाले नाहीत. "लग्नसराई व्हती. तू एकटी काय काय करशील? मनाला लावून घिऊ नगं." त्यांनी मला माफ केलं, आणि ज्यासाठी केलं ते मी केलंच नव्हतं. जे केलं होतं, त्याचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मान खाली घालून मी ती माफी घेतली. दुसरं काय करणार होते?

मग उठून त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढला. पुन्हा स्टुलावर बसले. दोन्ही टोकं धरून ताणला. एकेक खिळा पकडीनं ओढून पाहिला, एकही हलला नाही. बकल एका हातानं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मोरपंखी कापडावरून अंगठा फिरवत प्रत्येक शिवण तपासली. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच पट्ट्याला घेतला नव्हता. शेवटी तो परत खुंटीला अडकवला.

"पास," म्हणाले, आणि गेले.

आता मामा पूल ओलांडून पलीकडे, खुटबावला मुलीकडे राहतात. इकडचं घर बंद आहे. जाताना मोपेड पुतण्याला दिली आणि बदल्यात त्याच्याकडून काहीच जमा करून घेतलं नाही. टोळी अजून जाते, दुसरी एक बाई तिच्या पुढं असते. पट्टे काही दिवस सगळ्यांनी अगदी न चुकता घातले, बांधावरसुद्धा काढले नाहीत. मग उन्हाळा आला. आता कुणाचा कोनाड्यात आहे, कुणाचा गोठ्याच्या दाराला. मी सांगते, ओरडते, एकदोघींशी भांडलेसुद्धा. त्या म्हणतात, "घालतो की, उद्यापासनं." मी काय करू? मामा काय करू शकले?

दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. तब्येतीचं, पावसाचं काही नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "पट्टं घालत्यात का?" मी म्हणते, "घालतात, मामा, सगळ्याजणी घालतात." माझं घर उसाला लागून आहे, मशीन मागच्या दारापाशी. मग दुसरा प्रश्न विचारतात, "आन् तू?"

त्यांच्याशी मी पुष्कळ खोटं बोलले आहे. आणखी एक बोलायचं नाही असं ठरवलंय. म्हणून रविवारी फोन वाजला की मी आधी खुंटीवरचा पट्टा काढते, गळ्यात घालते, बकल लावते आणि मगच फोन उचलते. "घातलाय, मामा," म्हणते. माझ्या मानेचं माप चौदा आहे. त्यामुळं बोलताना तो आवळतो.